कोल्हा माणसाला इजा करत नाही

कोल्हा केव्हाच मेला होता, तरी मालू त्याला मारत होती. पहार एकदा बरगड्यांत घुसायची, एकदा खालच्या ओल्या चिखलात, आणि दर वेळी ती दोन्ही हातांनी उपसून पुन्हा डोक्यावर न्यायची. मॅक्सीवर, दंडांवर, गळ्यातल्या मंगळसूत्रावर रक्त उडालं होतं. बांधावर जमलेल्या बाया ओरडत होत्या, "मालू, बस कर, मेला तो!" तिच्या कानात काही शिरत नव्हतं. शेवटी तिचा सासरा विठू मागून आला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. त्याच्या हातातूनही रक्त गळत होतं, पण ते त्या वेळी कुणाच्या डोळ्यांत आलं नाही.

"पोरीकडं बग," तो म्हणाला. "मेल्याला काय मारतेस!"

तेव्हा कुठे मालूनं पहार टाकली.

पोर म्हणजे भाविका, मालूची एकुलती एक लेक, सहावीतली. ती घरामागच्या ओट्यावर बसली होती. उजवा गाल डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत उघडा पडला होता आणि ती रडत नव्हती. एका हातानं गालाचं मांस जागच्या जागी धरून ती नुसती आईकडे बघत होती.

शेवरपाडा हे गाव उलव्याच्या मागे, खाडीच्या अंगाला. एके काळी इथल्या माणसांची मिठागरं होती. जमिनी गेल्या, मिठागरं गेली, समोर उंच इमारती आणि क्रेन उभ्या राहिल्या. विठूच्या धाकट्या मुलानं, जगननं, त्यातून आपली वाट काढली. रेती, खडी, विटा पुरवायचं काम त्यानं धरलं, दोन जेसीबी घेतले, आणि गावात त्याच्या शब्दाला वजन आलं. मालूचा नवरा दयाराम थोरला. तो द्रोणागिरीच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि मोजकंच बोलायचा. सगळे एकाच घरात राहत.

गावाच्या समाजमंदिरात आठवड्यातून दोनदा इंग्रजीचा वर्ग भरायचा. तो घेणारी वल्लरी रोडपालीला राहायची. नवरा नोकरीवाला, घरी खाऊनपिऊन सुखी. पण तिला नाद होता तो सोप्या इंग्रजी पुस्तकांचा. इंग्रजी नव्यानं शिकणाऱ्यांसाठी ती पातळ पातळ पुस्तकं लिहायची आणि पनवेलातला एक छोटा प्रकाशक ती छापायचा. एका पानावर चित्र, खाली तीनचार ओळी. पेंग्विन अंडं पायांवर कसं सांभाळतो, जपानात घराची दारं कागदाची कशी असतात, मसाई लोक गुरं घेऊन किती लांब जातात. सगळं खरं, आणि सगळं ठरावीक सोप्या शब्दांत. मालू स्वतः मागच्या सतरंजीवर वाल सोलत बसायची आणि ओठ हलवत सगळं ऐकायची. पोरीबरोबर तिलाही 'पेंग्विन' वाचता यायला लागला होता. हे तिनं दयारामलाही सांगितलं नव्हतं.

या पावसाळ्यानंतर वल्लरीनं नवं पुस्तक आणलं, खाडीतल्या कोल्ह्यावर. पोरांनी त्यावर उड्या टाकल्या. पेंग्विन कुणी पाहिला होता? कोल्हा मात्र आपल्याच खाडीकाठी, तिवरांच्या झाडीत राहणारा, संध्याकाळी ओरडणारा. भाविकानं ते पुस्तक घरी आणून साऱ्या घराला वाचून दाखवलं. "द जॅकल इज अ शाय अ‍ॅनिमल. इट डझ नॉट हर्ट पीपल." मग आजीकडे, गोदूकडे वळून तिनं अर्थ सांगितला, "कोल्हा लाजरा प्राणी आहे. कोल्हा माणसाला इजा करत नाही." गोदूनं कौतुकानं तिच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली होती.

त्या दिवशी दुपार कलत असताना भाविका आणि जगनची धाकटी मनस्वी बांधावर वाळत घातलेली सुकट गोळा करत होत्या. तिवरांतून कोल्हा बाहेर आला. दिवसाढवळ्या, माणसांच्या आवाजाकडे, तिरका तिरका चालत. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. मनस्वीनं टोपली टाकली आणि धूम ठोकली.

"अगं पलू नको!" भाविका मागून ओरडली. "तो काय करत नाय! मना म्हाईत हाय!"

आणि ती उभी राहिली. कोल्ह्यानं झेप घेतली ती थेट तोंडावर. ती खाली पडली तरी त्यानं गाल सोडला नाही. पलीकडे जाळं सांधत बसलेला विठू धावला, त्यानं कोल्ह्याला मानेच्या केसांना धरून ओढलं, तसा तो उलटला आणि म्हाताऱ्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात दात रोवले. तोवर मालू कुंपणाशी पडलेली पहार घेऊन पोचली होती.

* * *

आरडाओरडा ऐकून वल्लरी समाजमंदिरातून धावत आली. तिनं भाविकाचा गाल पाहिला, मेलेल्या कोल्ह्याचं तोंड पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"साबण आणा," ती म्हणाली. "कपड्यांचा असला तरी चालेल. नळाखाली घ्या तिला."

"साबन?" गोदू पुढे आली. "हळद भरा आदी! आनि पलीकडच्या गावच्या वैदूकडं न्या, तो झाडाची मूली देतो. कुत्रा चावलेली किती मानसं त्यानं बरी केली!"

वल्लरी वाद घालत बसली नाही. तिनं भाविकाला उचललं, मोरीच्या नळाखाली धरलं आणि पाणी सोडलं. उघड्या मांसावर ती साबण चोळू लागली तशी भाविकाच्या तोंडून पहिल्यांदा किंकाळी फुटली. अशी किंकाळी मालूनं जन्मात ऐकली नव्हती. तिला दिसलं एवढंच, की कुणीतरी आपल्या लेकराची जखम चोळतंय. तिनं वल्लरीच्या पाठीत बुक्की हाणली, मग दुसरी, मग केस धरून मागे ओढलं.

"सोड तिला! मरेल ती!"

"मालूताई," वल्लरी मान मागे खेचलेली असतानाच म्हणाली, हात मात्र नळाखालीच ठेवून, "मला नंतर मारा. आत्ता पाय धरा तिचे. कोल्हा पिसाळलेला होता. लाळ धुतली नाही तर ती मरेल."

मालूनं केस सोडले. खाली बसली आणि पोरीचे पाय धरले. किती वेळ ते धुणं चाललं, तिला कळलं नाही. मोरीतून गुलाबी फेस वाहत राहिला. तेवढ्यात वल्लरीची नजर विठूकडे गेली. तो दाराला टेकून उभा होता, हाताला धोतराची चिंधी गुंडाळलेली.

"आबा, तुम्हालाही चावला?"

"खरचाटलाय जरासा," विठू म्हणाला. "तुमी पोरीला न्या."

"तुम्हीही चला."

"जगन येतो, त्याच्या गाडीनं येतो मागनं. जा तुमी."

स्कूटीवर तिघी बसल्या. पुढे वल्लरी, मध्ये भाविका, मागे मालू, पोरीच्या गालावर ओला टॉवेल दाबून. डंपरांच्या मधून, खड्ड्यांतून वल्लरीनं गाडी अशी काढली की एरवी मालू भीतीनं ओरडली असती. टॉवेल भरला की ती तो पिळायची आणि पुन्हा दाबायची.

पनवेलच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिनं जखम उघडून पाहिली आणि म्हणाली, "दंडात लस देऊच. पण हे दुसरं औषध जखमेतच द्यावं लागतं, सगळ्या कडांनी. चेहऱ्याचा चावा आहे, मेंदू जवळ. थांबून चालणार नाही. धरा तिला घट्ट."

मालूनं आपल्या लेकीचं डोकं दोन्ही हातांत धरलं. वल्लरी पायांवर आडवी पडली. सुई गालाच्या फाटलेल्या कडेत शिरली, बाहेर आली, बोटभर सरकून पुन्हा शिरली. डोळ्याखालच्या नाजूक जागी शिरली. भाविका आईला शिव्या देत होती. गावातली मोठी माणसं देतात तसल्या, ज्या तिनं कधी तोंडातून काढल्या नव्हत्या. "सोड मना! तू माजी आई नाय!" मालूनं सोडलं नाही. तिची नखं पोरीच्या कानामागे रुतली होती, हे तिला दुसऱ्या दिवशी दिसलं. डॉक्टरणीनं मालूच्या हातांवरचे ओरखडे पाहून तिलाही लस टोचली.

सगळं झाल्यावर भाविकाला वॉर्डात आणलं. अर्धा चेहरा पट्टीत, आवाज बसलेला. तिनं आधी आईकडे पाहिलं, मग वल्लरीकडे.

"टीचर, पुस्तकात लिवलाय ना तो इजा करत नाय? मग मना का चावला?"

वल्लरीनं तिची चादर नीट केली. ती बाहेर गेली. मालू तिच्या मागोमाग.

"बोला ना मॅडम. पोर काय इचारते?"

वल्लरी भिंतीला टेकली. "मी लिहिलं होतं, कोल्हा सहसा माणसाला इजा करत नाही. सहसा. इंग्रजीत 'युज्वली' म्हणतात. पण सोप्या पुस्तकात तो शब्द जड जातो. वाक्य लांब होत होतं. मी तो काढला."

"कुनी सांगितला काढाला?"

"कुणी नाही. मीच."

मालूनं तिच्या थोबाडीत मारली. वल्लरीचं डोकं भिंतीवर आपटलं. मालूनं दुसऱ्या हातानं तिचा गळा धरला आणि भिंतीशी दाबला. रांगेतली माणसं उठून उभी राहिली. वल्लरीनं हात वर केला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मालूची बोटं आपोआप सैल झाली; दया आली म्हणून नव्हे, अंगातलं बळ संपलं होतं.

"एका शब्दासाठी," मालू म्हणाली. "माज्या पोरीचा तोंड."

वल्लरी खोकत होती. खोकता खोकताच म्हणाली, "आबांना बोलावून घ्या. अजून आले नाहीत."

मालूनं जगनला फोन लावला. तो म्हणाला, "आबांना मूली दिली हाय, पोटात गेली, आता काय भीती नाय. वयनी, तुमी पोरीला बगा. बाकीचा आमी बगतो." मालूनं फोन ठेवला. पुन्हा लावला नाही. तिच्या डोक्यात त्या वेळी फक्त एकच चेहरा होता, आणि तो पट्टीत गुंडाळलेला होता. पुढे कितीतरी वेळा तिला तो फोन आठवला.

* * *

दुसऱ्या दिवशी दयाराम लेकीजवळ बसला आणि मालू कपडे आणायला गावात आली. रिक्षा वेशीवरच थांबली. पुढे जायला जागा नव्हती. बांधाच्या कडेनं जगनचे दोन्ही जेसीबी उभे होते. तिवरांच्या काठची जमीन उकरून उलटीपालटी केली होती, मधेच पेटवलेल्या झाडीतून धूर निघत होता. समाजमंदिराच्या कुंपणावर कोल्हे टांगले होते, मागच्या पायांना तार बांधून. काहींची डोकी फुटलेली, एकाचं पोट फाडलेलं.

मालूला ते बघून बरं वाटलं. ते खरं होतं, आणि तिनं ते स्वतःपासून लपवलं नाही. ती एकेकाखालून चालत गेली.

शेवटच्या खांबापाशी खाली पिल्लं पडली होती. बिळातून काढून जेसीबीच्या बकेटखाली दाबलेली. डोळेसुद्धा नुकते उघडले असतील. त्यांतल्या एकाचा पाय अजून हलत होता. जगनचा ऑपरेटर हृतिक त्याला बुटाच्या टोकानं उलथं करून मोबाइलवर व्हिडिओ काढत होता.

"मारून टाक ना मग," मालू म्हणाली.

"थांबा वयनी, जगनदादाला दाखवाचा हाय."

मालूनं बाजूचा दगड उचलला आणि स्वतःच त्या पिल्लाच्या डोक्यावर घातला.  ती कुंपणाला धरून वाकली असतानाच समाजमंदिराच्या आतून वल्लरीचा आवाज तिच्या कानांवर आला.

वल्लरी विठूला न्यायला आली होती. हे मालूला आत शिरताच कळलं, कारण ती तेच पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आबांना दवाखान्यात न्या. मी घेऊन जाते, तुम्ही नुसतं पाठवा. अजून वेळ आहे. ज्यांनी ज्यांनी त्या कोल्ह्याला हात लावला, त्यांनीही जावं." समोर जगन उभा होता, हातात फावड्याचा दांडा. भोवती दहाबारा पुरुष. मधोमध पुस्तकांचा ढीग पेटत होता. पेंग्विन, जपानी घरं, मसाई, सगळे. लाद्या काळ्या पडल्या होत्या.

"माज्या पुतनीचा तोंड फाडलास," जगन म्हणाला, "आनि आता माज्या बापाला नेतेस?"

"आबा मरतील, जगनभाऊ."

"बापाचा मरन काढतेस?"

पहिला फटका तिच्या हातावर बसला, कारण तिनं तो तोंडापुढे घेतला होता. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा पाठीवर. ती गुडघ्यांवर पडली. कुणीतरी लाथ घातली, मग आणखी कुणीतरी. माणसं एकदा मारायला लागली की पुढच्याला मागच्यापेक्षा जोरात मारायचं असतं. मोबाइल वर झाले. जगननं तिचे केस धरून तोंड आगीजवळ नेलं. "वाच! वाच आता, काय लिवलास ते वाच!"

मालू दारात उभी होती. तिनंही हे सगळं केलं होतं. केस धरले होते, गळा धरला होता. रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसून तिनं मनातल्या मनात हिला याहून वाईट मारलं होतं. पण आता वल्लरीच्या केसांची टोकं आगीत चुरचुरली, तो वास आला, आणि मालू पुढे कशी गेली हे तिला नंतर सांगता आलं नाही. ती वल्लरीवर आडवी पडली. जगनचा खाली येणारा दांडा तिच्या गळपट्टीच्या हाडावर बसला.

"वयनी!"

"मार," मालू म्हणाली. तिचा डावा हात लुळा पडला होता. "मार ना. पोरगी माजी हाय. हिला काय करायचा ते मी बगेन. तू कोन?"

"हिनं भाविकाला..."

"हिनं भाविकाला वाचवला पन. तवा तू कुटं होतास? ही आबांना न्यायला आली, आनि तू हिचा हात मोडलास!"

 आग तडतडत होती. जगननं दांडा फेकून दिला आणि बाहेर गेला. त्याच्यामागे एकेक करून सगळे गेले. मालूनं एका हातानं वल्लरीला बसतं केलं. वल्लरीच्या ओठातून रक्त येत होतं, तिला नीट श्वास घेता येत नव्हता.

"आबा..." ती म्हणाली.

मालू घरात गेली. विठू खाटेवर बसला होता, हाताला पाल्याचा लेप. तिनं त्याच्यापुढे हात जोडले, रडली, ओरडली. "आबा, चला ना. माज्यासाठी चला." विठू नुसता हसला. "मूली घेतली पोरी. जगननं येवढा लांबनं आनली. आता सुई घेतली तं त्याला काय वाटंल?" गोदूनं मालूला दाराबाहेर काढलं.

* * *

पोलीस आले ते वल्लरीच्या नवऱ्यानं तक्रार दिल्यावर. गावात एकच उत्तर होतं: बाई स्कूटीवरून पडली. मोबाइलवरचे व्हिडिओ पुसून झाले होते. वनखात्याची माणसं कुंपणावरचे कोल्हे उतरवून घेऊन गेली, पण ते कुणी टांगले हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

गोदू दवाखान्यात येऊन मालूच्या पायांशी बसली. "घरातला मानूस हाय. तुज्या नवऱ्याचा भाव. तू सांग, तीच पडली, आनि तूपन पडलीस तिच्याबरोबर. पोरगी बरी होतेय ना? मग?"

दयाराम खिडकीजवळ उभा होता. मालूनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं खिडकीचा पल्ला ओढून घेतला. मग म्हणाला, "जे झाला ते सांग."

मालूनं जबाब दिला. कुणी मारलं, कशानं मारलं, कुणी केस धरले, कुणी पिल्लं चिरडली. आपण स्वतः वल्लरीला दवाखान्यात मारलं तेही सांगितलं. लिहून घेणारा हवालदार मान वर करून म्हणाला, "ते कशाला सांगताय बाई?"

"झाला म्हनून."

जगनला अटक झाली. त्याच संध्याकाळी मालूची भांडी, गाद्या, भाविकाचं दप्तर गावाच्या रस्त्यावर पडलं. दयारामनं रोडपालीला एक खोली भाड्यानं घेतली. भाविकाचे टाके निघाले. गालावर जांभळी, गाठीगाठीची शिवण राहिली आणि उजवा डोळा जरा खाली ओढला गेला. शाळेत पोरं तिला नावं ठेवायची. एकदा तिनं एका पोराला कंपासनं भोसकलं आणि मालूला मुख्याध्यापकांसमोर उभं राहावं लागलं. तिला लेकीला रागवताच आलं नाही.

महिना उलटून गेला. जगन जामिनावर सुटला होता. एक दिवस दयारामला भावाचा फोन आला, अटकेनंतर पहिल्यांदाच. विठूला पाणी गिळवत नव्हतं.

दवाखान्यात पोचले तोवर म्हाताऱ्याला खाटेला बांधलेलं होतं. पंख्याचा वारा अंगावर आला तरी तो धनुष्यासारखा वाकायचा, गळ्यातून भुंकल्यासारखा आवाज निघायचा. तहान तहान करायचा, आणि गोदूनं भांडं नुसतं पुढे केलं की सगळं अंग झटके देऊ लागायचं. मधूनच शुद्धीवर यायचा तेव्हा सगळ्यांना ओळखायचा, हेच वाईट होतं. मालूला म्हणाला, "पोर बरी हाय ना?"

"बरी हाय आबा. तुमच्यामुलं."

"हां," तो म्हणाला, आणि पुढचा झटका आला. जगन त्याच्या छातीवर आडवा पडून त्याला धरत होता. तोंडावर लाळ उडत होती तरी हटत नव्हता; शेवटी दोघा वॉर्डबॉयनी त्याला ओढून बाजूला केलं. डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी विठू गेला.

प्रेत ताब्यात मिळायची वाट बघत सगळे अंगणात उभे होते. जगन मालूजवळ आला. अटकेनंतर तो तिच्याशी बोलला नव्हता.

"वयनी, त्या दिवशी ती बाय आली, तवा आबा वाचले असते?"

मालूला खोटं बोलता आलं असतं. समोरचा माणूस रडून रडून सुजला होता. पण फोन ठेवल्याचं तिचं तिला ठाऊक होतं, आणि ते एकटीनं उचलायची तिची तयारी नव्हती.

"हो," ती म्हणाली. "मीपन त्या दिवशी फोन केला नि ठेवून दिला. आपुन दोगांनी मारला त्यांना."

जगन वळला आणि सिमेंटच्या खांबावर कपाळ आपटू लागला. पहिल्यांदा कुणाला कळलं नाही. मग रक्त दिसलं. दयारामनं त्याला मागून मिठी मारली आणि दोघे भाऊ जमिनीवर पडले. पडल्यावरही जगन डोकं आपटायचा प्रयत्न करतच होता. दयाराम त्याच्या डोक्याखाली आपला हात घालून पडून राहिला.

तरी पुढे कोर्टात जगननं गुन्हा कबूल केला नाही. वकिलानं करू दिला नाही म्हणे. त्याच्यावरची आणि इतरांवरची केस अजून तारखांवर तारखा घेत चालली आहे. मालू दर तारखेला जाते. तो तिच्याकडे बघत नाही. पण तिचा जबाब बदलावा म्हणून त्यानं पुन्हा कुणाला पाठवलं नाही, आणि गाव आता मुळी द्यायला कुणाला पलीकडे नेत नाही.

* * *

वल्लरीचं घर मालूच्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून होतं. तरी मालू तिकडे कितीतरी दिवस गेली नाही. गेली ती विठूचे दिवस झाल्यावर, एका सकाळी. वल्लरीनं दार उघडलं. हात दुसऱ्यांदा ऑपरेशन करून प्लास्टरमध्ये होता. आगीत जळलेल्या बाजूचे केस कापून टाकले होते, दुसऱ्या बाजूचे लांबच होते, विंचरलेले नव्हते. नवरा कामाला गेला होता.

दोघी समोरासमोर बसल्या. कोल्ह्याचं पुस्तक प्रकाशकानं मागे घेतलं, वल्लरीनं सांगितलं. नवं लिहिणं बंद आहे.

"भाविका कशी आहे?"

"शालेत जाते. आरशात बगत नाय."

वल्लरीनं मान खाली घातली.

"मी तुला माफ नाय केला," मालू म्हणाली. "ते सांगायला आले. कुनी बोलंल, मालूनं मधे पडून माफ केला. तसा नाय."

"मला माहीत आहे."

"करीन का, ते पन म्हाईत नाय."

"बरं."

 खाली भंगारवाला ओरडत गेला. वल्लरी एका हातानं केस मागे सारायचा प्रयत्न करत होती आणि ते पुन्हा पुन्हा तोंडावर येत होते. मालू बघत राहिली. मग उठली, खिडकीतली फणी घेतली आणि तिच्या मागे जाऊन बसली. गुंता घट्ट झाला होता. मालूचा हात मुळात हलका नव्हता, आणि गळपट्टीचं हाड जुळल्यापासून डावा हात पुरता उचलतही नव्हता.

"दुखला तं सांग," ती म्हणाली.

"ओढा," वल्लरी म्हणाली.